खिशातल्या फोनला गाणं बदलायला कसं सांगायचं?

शिरवण्याहून चालत जुईनगर स्टेशन गाठायचं आणि सकाळची सीएसएमटी लोकल पकडायची, हा ज्यांचा रोजचा क्रम आहे त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. एक हात वरच्या कडीला, दुसरा पोटाशी घेतलेल्या बॅगेवर, फोन पँटच्या खिशात आणि कानात नेमकं नको ते गाणं. वाशीच्या खाडीपुलापर्यंत तेच ऐकत जायचं, की गर्दीत कोपर मारत फोन बाहेर काढायचा?

फोन न काढता गाणं बदलता येतं, हे आता बहुतेकांना माहीत असतं. अडतं त्याच्या पुढे. मित्राच्या इअरफोनवर दोनदा दाबलं की पुढचं गाणं लागतं. माझ्या इअरफोनवर तेच गाणं थांबून पुन्हा सुरू होतं, असं का? भावाच्या आयफोनचे इअरफोन माझ्या फोनला लावले तर आवाज कमी-जास्त करायची बटणं मेल्यासारखी का वागतात? आणि फोनच्याच कडेवर आवाजाची दोन बटणं आहेत, तर त्यांनाच गाणं बदलायचं काम का लावू नये?

१. बटणाला काहीच कळत नाही

एसटीत कंडक्टर दोरी ओढतो. एकदा घंटी वाजली की ड्रायव्हर गाडी थांबवतो, दोनदा वाजली की सोडतो. दोरी एकच, घंटीही एकच. ‘थांब’ आणि ‘चल’ हे अर्थ ड्रायव्हरच्या डोक्यात असतात. उद्या महामंडळाने हे उलटं करायचं ठरवलं, तर दोरी बदलायची गरज नाही. ड्रायव्हरला तेवढं सांगावं लागेल.

इअरफोनवरचं बटणही एवढंच करतं. दाबलं गेलं, ही खबर पुढे जाते. त्या खबरीचा अर्थ लावणारे तीन जण असू शकतात: इअरफोनमधली चिप, फोनची प्रणाली (अँड्रॉइड किंवा आयओएस) आणि गाण्याचं ॲप. बटणाचं काम बदलायचं तर आधी आपल्या बाबतीत अर्थ कोण लावतो, ते ओळखायला हवं. लोक तासभर सेटिंग चाळत बसतात आणि काही सापडत नाही, याचं कारण बहुधा हेच असतं: अर्थ लागतो एकीकडे आणि शोध चाललेला असतो दुसरीकडे.

सुरुवात वायरच्या इअरफोनपासून करू. जुना प्रकार म्हणून नव्हे, तर त्यातली करामत डोळ्यांनी दिसते म्हणून.

२. तारा चार, बटणं तीन

माइक असलेल्या इअरफोनची साडेतीन मिलिमीटरची पिन नीट बघा. तिच्यावर तीन काळ्या रेघा दिसतील आणि त्यांनी पिनेचे चार तुकडे पाडलेले असतील. टोकाचा तुकडा डाव्या कानाचा, पुढचा उजव्या कानाचा. उरलेल्या दोनांपैकी एक माइकचा आणि एक ग्राउंडचा, म्हणजे वीज परत जाण्याच्या सामाईक वाटेचा. चारही तुकडे संपले. बटणांसाठी तार उरलीच नाही.

म्हणून बटणं माइकच्या तारेवर बसवतात. माइक चालण्यासाठी फोन त्या तारेत बारीकसा विद्युतदाब सोडून ठेवतो. बटण दाबलं की माइकची तार आणि ग्राउंड एकमेकांना जोडले जातात: मधल्या बटणाने थेट, आवाजाच्या बटणांनी एका लहानशा रोधातून. रोध म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. तो ओहममध्ये मोजतात. गूगलने अँड्रॉइड फोनसाठी हे आकडे जाहीर केलेले आहेत. मधलं बटण ७० ओहमपर्यंत, आवाज वाढवण्याचं २१० ते २९०, कमी करण्याचं ३६० ते ६८०. चौथं बटण ठेवायचं असेल तर ११० ते १८० ओहमची जागा बोलून आज्ञा देण्याच्या सोयीसाठी राखलेली आहे.

आता छोटा हिशेब. समजा फोनने २.२ व्होल्टचा दाब २,२०० ओहमच्या रोधातून माइकच्या तारेत सोडला आहे. विद्युतदाब अडथळ्यांच्या प्रमाणात वाटला जातो, हा शाळेतला नियम. हिशेब सोपा राहावा म्हणून बटण दाबलेलं असताना माइकचा परिणाम बाजूला ठेवू.

मधलं बटण दाबलं: तारेवर दाब जवळजवळ शून्य.
आवाज वाढवण्याचं, २४० ओहम: २.२ × २४० ÷ २,४४० = सुमारे ०.२२ व्होल्ट.
आवाज कमी करण्याचं, ४७० ओहम: २.२ × ४७० ÷ २,६७० = सुमारे ०.३९ व्होल्ट.
काहीच दाबलं नाही: माइकचा स्वतःचा रोध किमान १,००० ओहम असावा लागतो, म्हणून दाब ०.६९ व्होल्टच्या खाली येत नाही.

फोन हा दाब सतत मोजत असतो. आकडा कोणत्या घरात पडला त्यावरून कोणतं बटण दाबलं गेलं ते त्याला समजतं. एका तारेत तीन बटणं मावतात ती अशी. आणि अर्थ लावणारा इथे पूर्णपणे फोन आहे. इअरफोनमध्ये डोकंच नाही. त्यामुळे रस्त्यावर मिळणारा स्वस्तातला वायरचा इअरफोन हा, आपल्या मनासारखी बटणं करून घेण्याच्या बाबतीत, कित्येक महागड्या बड्सपेक्षा जास्त मोकळा असतो. हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

टाइप-सी पिनेचे इअरफोन बरेचदा वेगळ्या वाटेने जातात. त्यांच्यात चिप असते आणि बटणाची खबर यूएसबी कीबोर्डच्या कळीसारखी, आकडी संकेतातून जाते. तिथे ओहमचा घोळ नाही.

३. दुसऱ्याचे इअरफोन

भावाच्या आयफोनच्या इअरफोनचं कोडं आता सुटतं. ॲपलने आवाजाच्या बटणांसाठी रोधाची पद्धत न घेता वायरीवरच्या डबीत स्वतःची चिप घातली. ती माइकच्या तारेवरून कानाला ऐकू न येणारे संकेत पाठवते. अँड्रॉइड फोन मात्र ओहम मोजत बसलेला असतो, त्यामुळे त्याला काही दिसत नाही. मधलं बटण दोन्हीकडे सारखंच, सरळ तार जोडणारं, म्हणून ते चालतं.

याच ॲपलने मार्च २००९मध्ये आयपॉड शफल या गाणी वाजवणाऱ्या छोट्या यंत्राची तिसरी आवृत्ती आणली. तिच्या अंगावर गाण्यांसाठी एकही बटण नव्हतं. सगळा कारभार इअरफोनच्या वायरीवर. म्हणजे साधे इअरफोन लावले की आवाजही कमी-जास्त करता येईना. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं आणि २०१०च्या आवृत्तीत बटणं परत यंत्राच्या अंगावर आली.

दुसरी अडचण पिनेवरच्या क्रमाची. माइक आणि ग्राउंड यांच्या जागांचे दोन क्रम चालत आले आहेत. आजचे बहुतेक फोन सीटीआयए नावाचा क्रम पाळतात; जुन्या नोकियासह काही कंपन्या ओएमटीपी नावाचा उलटा क्रम वापरत. घरात जुना इअरफोन सापडला आणि लावल्यावर गाणं विहिरीतून आल्यासारखं पोकळ वाटलं, तर मधलं बटण दाबून धरा. आवाज एकदम भरला, की समजा क्रम उलटा आहे. बटण दाबल्याने माइक आणि ग्राउंड जोडले जातात आणि चूक तेवढ्यापुरती झाकली जाते.

४. पावसाळ्यातली भुतं

जुलैमध्ये ही तक्रार हमखास येते: गाणं आपोआप थांबतं, मध्येच बोलणारा असिस्टंट जागा होतो, आवाज स्वतःहून वाढतो. कारण वरच्या हिशेबातच आहे. पिनेच्या भोकात ओल शिरली, घाम उतरला किंवा खिशातला कचरा साचला, की माइकच्या तारेपासून ग्राउंडपर्यंत विजेला आडवाट मिळते. दाब खाली येतो आणि फोनला वाटतं, बटण दाबलं. ओल थोडी असेल तर आवाजाचं बटण, जास्त असेल तर मधलं. मधलं बटण दाबून धरलं की असिस्टंट येतो, आणि ओल म्हणजे फोनच्या लेखी दाबून धरलेलं बटणच. सेटिंग बदलून उपयोग नाही. पिन कोरड्या फडक्याने पुसा, भोक सुकू द्या.

५. दोनदा दाबणं म्हणजे किती लवकर?

अँड्रॉइडच्या आत प्रत्येक कळीला क्रमांक आहे. वायरच्या इअरफोनचं मधलं बटण ७९, ‘चालू-बंद’ ८५, ‘पुढचं गाणं’ ८७, ‘मागचं गाणं’ ८८. मधलं बटण कधीही ८७ म्हणत नाही. ते फक्त ७९ म्हणतं, आणि पुन्हा ७९. हे दोन ७९ मिळून ‘पुढचं गाणं’ होतं की दोन वेगळ्या आज्ञा, हे त्यांच्यातल्या अंतरावर ठरतं. अँड्रॉइडची नेहमीची मुदत ३०० मिलिसेकंदांची आहे, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

पहिल्या दाबानंतर १८० मिलिसेकंदांत दुसरा दाब आला, तर पुढचं गाणं. तोच ४०० मिलिसेकंदांनी आला, तर पहिल्या दाबाने गाणं थांबलेलं असतं आणि दुसऱ्याने ते पुन्हा सुरू होतं. मित्राचं चालतं, माझं नाही, या तक्रारीचा उगम बहुधा अंगठ्याच्या वेगात असतो. बटण कडक असेल तर आणखीच. याच मुदतीमुळे एकदा दाबल्यावर गाणं थांबायला किंचित वेळ लागतो. फोन दुसऱ्या दाबाची वाट पाहत असतो.

तीनदा दाबून मागचं गाणं, ही सोय प्रत्येक ॲपमध्ये असेलच असं नाही. अँड्रॉइडची ठरावीक व्यवस्था दोन दाबांपर्यंतच जाते. तिसरा मोजायचा की नाही हे ॲप बनवणारा ठरवतो. म्हणून एकाच फोनवर, एकाच इअरफोनने, एका ॲपमध्ये मागचं गाणं लागतं आणि दुसऱ्यात नाही. यावर उपाय म्हणजे बटणांच्या सेटिंगची सोय देणारं गाण्याचं ॲप निवडणं. फोनमध्ये साठवलेली गाणी वाजवणाऱ्या काही ॲपमध्ये ‘हेडसेट’ नावाचं पानच असतं: एक दाब, दोन दाब, तीन दाब, दाबून धरणं, यांतल्या प्रत्येकाला काम नेमता येतं. ऑनलाइन गाण्यांची मोठी ॲप याबाबतीत कंजूष आहेत.

६. मी गाणं मागितलं, व्हिडिओ का लागला?

खबर फोनपर्यंत पोहोचली. आता ती कोणत्या ॲपला द्यायची? एकेकाळी जो आधी हात पुढे करेल त्याला ती मिळे आणि दोन ॲपची त्यावरून झोंबाझोंबी चाले. २०१४च्या अँड्रॉइड ५पासून त्याला शिस्त लागली आणि २०१७च्या अँड्रॉइड ८पासून नियम सरळ झाला: ज्या ॲपने सगळ्यात शेवटी आवाज केला, बटण त्याचं. नाश्ता करताना एखादा व्हिडिओ पाहिला असेल, तर स्टेशनवर बटण दाबल्यावर तोच पुन्हा बोलू लागतो. घरातून निघताना गाण्याचं ॲप एकदा वाजवून थांबवून ठेवलं, तर प्रश्न मिटतो.

७. ब्लूटूथ: इथे मोजणारा बदलतो

नेकबँड असो की बड्स, ब्लूटूथमध्ये दोन वेगळे करार काम करतात. ए२डीपी गाणं वाहून आणतो. एव्हीआरसीपी बटणांच्या आज्ञा फोनकडे परत नेतो. या दुसऱ्या कराराची भाषा शब्दांची आहे: ‘वाजव’, ‘थांब’, ‘पुढचं’, ‘मागचं’. त्यात ‘दोनदा दाबलं’ असं सांगायची सोय नाही.

म्हणजे किती वेळा दाबलं हे मोजण्याचं काम आता इअरफोनमध्ये झालं. बड्सला तुम्ही दोनदा टिचकी मारली, त्यांच्या चिपने ती मोजली आणि फोनला फक्त ‘पुढचं’ एवढाच निरोप दिला. फोनवरच्या ॲपला टिचक्यांची संख्या कधी कळतच नाही. म्हणून बड्सचं बटण बदलायचं तर इअरफोनच्या कंपनीच्या ॲपमध्ये जावं लागतं. रिअलमी, वनप्लस, बोट, सोनी यांची अशी ॲप आहेत. पण प्रत्येक मॉडेलला ती लागू नसतात. विकत घेण्याआधी दुकानदाराला बॅटरी किती तास चालते हे आपण विचारतो. ॲपमधून बटणं बदलता येतात का, हेही विचारावं.

कंपनीचं ॲप नसेल तरी एक पळवाट उरते. ‘पुढचं’ हा निरोप फोनपर्यंत येतोच. तो आल्यावर काय करायचं हे फोनवर बदलता येतं. उदाहरणार्थ, लांबलचक कीर्तन किंवा पॉडकास्ट ऐकणाऱ्याला ‘पुढचं’ म्हणजे पुढचा भाग नको असतो, ३० सेकंद पुढे जायचं असतं. कित्येक पॉडकास्ट ॲपमध्ये हे सेटिंग तयारच असतं.

नेकबँडवर दोन बटणांत चार कामं कोंबलेली असतात. काहींत टिचकीने आवाज वाढतो आणि दाबून धरलं की गाणं बदलतं. काहींत नेमकं उलटं. ते कारखान्यात ठरलेलं असतं. मात्र आवाज फार मोठ्या पायऱ्यांनी उडी मारत असेल, तर फोनमध्ये एक उपाय आहे. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यांतला ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू केला की फोनचा आवाज आणि इअरफोनचा आवाज एकमेकांपासून सुटे होतात. मग एक मोठ्यावर ठेवून दुसरा बारीक फिरवता येतो.

बड्समधली स्पर्शाची जागा शोरूममध्ये छान वाटते. भर पावसात ओल्या बोटांनी किंवा एमआयडीसीतल्या पाळीत हातमोजे घालून ती वापरून पाहा. पावसाचा थेंबही तिला बोट वाटू शकतो आणि जाड हातमोज्याचं बोट कधी कधी बोट वाटत नाही. खरं दाबलं जाणारं बटण, किंवा ॲपलच्या एअरपॉड्स प्रोसारखा चिमटीत दाबायचा दांडा, जास्त भरवशाचा. काही नेकबँडमध्ये दोन्ही बड्स चुंबकाने एकमेकांना चिकटवले की गाणं थांबतं. गर्दीतून उतरताना याहून सोयीचं बटण मला माहीत नाही.

दाबून धरण्याचं एक काम मी आवर्जून नेमायला सांगतो: बाहेरचा आवाज आत घेण्याचं. ही कल्पना आजची नाही. १ जुलै १९७९ला विक्रीला आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनवर नारिंगी रंगाचं एक बटण होतं. ते दाबलं की गाणं हलकं होई आणि यंत्रातल्या माइकमधून समोरच्याचं बोलणं कानात येई. सायन-पनवेल महामार्गाच्या कडेने चालणाऱ्याला या बटणाची गरज जपानी तरुणांपेक्षा कमी नाही.

८. फोनच्या कडेची दोन बटणं

फोनच्या बटणांवर गाण्याचा हक्क होता, असाही काळ होऊन गेला. नोकियाच्या एक्सप्रेसम्युझिक फोनवर गाण्याची वेगळी बटणं असत. सोनी एरिक्सनच्या २००७च्या डब्ल्यू९१०मध्ये तर वॉकमनची कळ दाबून फोन झटकला की गाणं बदले. पडदा मोठा झाला तशी बटणं गेली आणि उरली आवाजाची दोन.

त्यांच्यावर गाणं बदलायची मागणी जुनी आहे. सायनोजेनमॉड या हौशी मंडळींनी घडवलेल्या अँड्रॉइडच्या आवृत्तीत पडदा बंद असताना आवाजाचं बटण दाबून धरलं की गाणं बदलत असे. २०१६च्या अखेरीस तो प्रकल्प बंद झाला; त्याचा वारस लिनिएजओएस ही सोय आजही देतो. पण त्यासाठी फोनची मूळ प्रणालीच उतरवावी लागते, आणि केवळ गाण्यासाठी मी तरी कुणाला ते सुचवणार नाही.

त्याआधी आपल्या फोनमध्ये ही सोय आधीच आहे का ते बघा. मोटोरोलाच्या कित्येक फोनमध्ये हालचालींच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया कंट्रोल्स’ असतं. सॅमसंगसाठी त्यांच्याच ॲपच्या दुकानात ‘साउंड असिस्टंट’ नावाचं ॲप आहे. आयफोनवर आवाजाच्या बटणांना हात लावता येत नाही, पण २०२०च्या आयओएस १४पासून आयफोन ८ आणि पुढच्या फोनवर ‘बॅक टॅप’ आहे: पाठीवर दोन किंवा तीन टिचक्या मारून शॉर्टकट चालवायचा. पिक्सेल फोनवर अशीच सोय अँड्रॉइड १२पासून आली. दुपारी बाराला रिकाम्या डब्यात ती छान चालते. सकाळी साडेआठला शेजाऱ्याची बॅगही टिचकी मारू शकते.

यांतलं काही नसेल तर ‘बटन मॅपर’ किंवा ‘की मॅपर’सारखी ॲप आहेत. त्यांची अडचण एकच, पण मोठी. पडदा बंद झाला की अँड्रॉइड आवाजाच्या बटणांची खबर साध्या ॲपला देत नाही, आणि आपल्याला तर बंद पडद्याचाच उपयोग आहे. अँड्रॉइड ८पासून यासाठी एक खास परवानगी आहे. ती फोनच्या सेटिंगमध्ये दिसत नाही. फोन संगणकाला जोडून एका ओळीची आज्ञा द्यावी लागते. ती ओळ ॲपच्या मदतीच्या पानावर दिलेली असते. तिथलीच घ्यावी, कुणी पाठवलेली घेऊ नये.

९. परवानगी देताना

ही ॲप बहुधा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ती मुळात अपंग व्यक्तींच्या मदतीसाठी आहे आणि म्हणूनच फार ताकदवान आहे: मिळालेलं ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकतं, आपल्या वतीने टिचक्याही मारू शकतं. बँक खाती लुटणारी बनावट ॲप हीच परवानगी मागतात. त्यामुळे २०२२च्या अँड्रॉइड १३पासून प्ले स्टोअरबाहेरून टाकलेल्या ॲपला ती सहज मिळत नाही. काही बँकांची ॲप तर अशी परवानगी कुणालाही दिलेली दिसली की उघडतच नाहीत. तेव्हा बटणांचं ॲप नावाजलेलं आणि प्ले स्टोअरवरचं घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल टाकू नका, मग ती पाठवणारा सख्खा मेहुणा का असेना.

या सगळ्यातून एक काम मात्र वगळा. फोन वाजू लागला की मधल्या बटणाचा अर्थ आपोआप बदलतो: एक दाब म्हणजे फोन उचलला, बोलणं झाल्यावर पुन्हा दाबलं की ठेवला, वाजत असताना दाबून धरलं की नाकारला. गाण्यांचे नियम तेवढ्यापुरते बाजूला होतात. बटणांच्या ॲपमध्ये ‘कॉल चालू असताना लागू करू नये’ असा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. नाहीतर साहेबांचा फोन उचलायला बटण दाबाल आणि फोन वाजतच राहील, कानात पुढचं गाणं लागेल.